फॅमिली रूम वर आहे

उडुप्याच्या हॉटेलात एक आजी एकट्याच आल्या आणि दारालगतच्या टेबलावर बसल्या. वेटर अदबीने म्हणाला, "आजी, लेडीजसाठी वर फॅमिली रूम आहे."

"माहितेय. वर येईपर्यंत डोसा मऊ पडतो. इथेच आण, कडक."

नेहमीप्रमाणे जिना चढू लागलेली मी तिथेच थबकले. इतकी वर्षं मान म्हणून मिळाली ती पडद्यामागची जागा, आणि वाटीत कायम कोमट सांबार! तवा खाली, गप्पा खाली, समोरचा रस्ताही खालीच. आम्ही तेवढ्या वर, सुरक्षित. कोणापासून? कुरकुरीत डोशापासून?

मी उतरले आणि आजींच्या समोरची खुर्ची ओढली.

वेटरने विचारलं, "दोघी एकत्र आहात का?"

"नाही," आजी म्हणाल्या, "दोघी एकट्या आहोत."