पाल्याखालचं बेणं

"चुकून झालं म्हणतोय ना, आई."

"चुकून दूध उतू जातं. बेणं चुकून शिजत नाही."

"मला वाटलं, उरलेली हळद आहे. म्हटलं, कढई तापलीच आहे, तर हीही शिजवून टाकू."

"आणि ते नेमकं मी बाजारात गेल्यावर वाटलं."

मुलगा कढईकडे वळला. अंगणात वाफाळते गड्डे पसरले होते, काडी सहज आरपार जाईल इतके मऊ. पुढच्या लावणीसाठी बेणं म्हणून राखलेले. शिजलेली हळद वाळते, दळली जाते, रंगही देते. तिला कोंब मात्र फुटत नाही.

त्याच्या आईला सगळे हळदकाकू म्हणायचे. त्यांनी हात लावलेल्या कड्या, कपबशा, उशीचे अभ्रे, सगळ्यांवर पिवळी बोटं. नवरा गेल्यावर घरातले सगळे डाग एकाच हाताचे उरले. मग मागच्या खोलीतल्या बेण्याकडे त्यांच्या खेपा वाढल्या. पाला बाजूला करायचा, गड्डे वरखाली करायचे, कुजका दिसला की फेकायचा आणि तेवढ्यात त्यांच्याशीच बोलून घ्यायचं. "तू जरा सरक गं, तिला वारा लागू दे." तोंड उघडायला तेवढंच निमित्त. 'आमच्याकडे राहायला ये' म्हणून मुलाचा फोन आला की त्या म्हणायच्या, "लावणी होऊ दे." पुढच्या खेपेला, "काढणी होऊ दे."

"त्यात आंबेहळदही होती," काकू म्हणाल्या. "ती कधी शिजवतात का? तुझा पाय मुरगळला की उगाळून लावायचे मी. कैरीचा वास येतो तिला. नाही आला?"

"सर्दी झालीय मला."

"अरे, लहानपणी ढिगावर पाला तूच घालायचास. आणि वर गादी समजून लोळायचास. किती धपाटे खाल्लेस त्यापायी."

मुलानं कढईखालचं लाकूड उगाच पायानं सरकवलं.

"मुद्दाम केलं. बस? दर वर्षी तुझी तीच लावणी, तीच काढणी. इथे एकटी पडलीस-झडलीस तर मला कळणार कधी, कोण सांगणार? आता लावायला काही नाहीये. चल माझ्याबरोबर. बॅग भरू तुझी?"

काकूंनी दारामागचं खुरपं घेतलं. कितीही नीट खणा, काढणीनंतर मातीत एखाददुसरा गड्डा राहतोच.

"आई, भरू ना?"

पदर खोचत त्या पायऱ्या उतरल्या, पसरलेल्या गड्ड्यांना वळसा घातला आणि मोकळ्या शेताकडे चालू लागल्या.