माझं पथ्य, तिनं पाळलेलं

आयुष्यात लोकांनी मला एकाच गोष्टीबद्दल मनापासून वाखाणलं, आणि ती गोष्ट मी कधी केलीच नव्हती. ‘पथ्य पाळावं तर यांनी,’ असं जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळींत बोललं जायचं. गणपतीच्या आरतीनंतर, मुंजीच्या पंगतीत, कुणाचं पोट बिघडल्याचा विषय निघाला की माझं उदाहरण दिलं जायचं. मी खाली मान घालून ऐकायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

जर्मनीशी पहिली लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील. मी जिल्हा कचेरीत कारकून होतो आणि वकिलीच्या परीक्षेची तयारी करत होतो. आमचं घराणं मराठ्यांच्या अमदानीत चाकरीसाठी इकडे आलं ते इथलंच होऊन गेलं. आईवडील वारलेले, थोरला भाऊ सिहोऱ्याला धान्याच्या व्यापारात, आणि फुहारा चौकाजवळच्या गल्लीत दोन खोल्यांत आम्ही नवराबायको. पहाटे उठून कायद्याची पुस्तकं, दहा ते पाच कचेरीत नकला उतरवायच्या, तिथून परस्पर एका बुजुर्ग वकिलांच्या घरी शिकवणीला. या धबडग्यात जेवणाला वेळ अशी नव्हतीच. उभ्या उभ्या चार घास गिळायचे आणि मग दिवसभर चहावर चहा. व्हायचं ते झालं. एक दिवस कचेरीच्या व्हरांड्यात पोट धरून बसलो आणि उलटी झाली, तिच्यात रक्त होतं.

बंगाली डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, आत व्रण झाला आहे. मिरची बंद, तळलेलं बंद, चहा बंद. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, सकाळ-संध्याकाळ दूध, आणि सगळं घड्याळाप्रमाणे. ‘नोकरी आणि परीक्षा दोन्ही करायच्या असतील तर हे करा,’ ते हिंदीत म्हणाले, ‘नाहीतर दोन्ही राहतील.’

बायको शेजारीच उभी होती. ती वर्ध्याकडची. तिच्या माहेरी ठेच्याशिवाय भाकर उतरत नाही, आणि तिला तर भातावरही लाल तिखट लागायचं. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिला एकाच गोष्टीचा त्रास झाला, तो इथल्या सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या तेलाचा. आमच्या घरात ती स्वयंपाकाला तिळाचंच तेल वापरायची. बाजारातून जाताना हलवायाच्या कढईशी आलो की ती पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, ‘हे लोक असं काहून करून राहिले जी? डोक्याला लावायचं तेल भज्याला?’ मी हसायचो. मी लहानपणापासून बाजारातलं त्याच तेलातलं खात आलो होतो.

डॉक्टरांकडून आल्यावर तिनं तिखटाचा डबा उचलला, हिरव्या मिरच्यांची टोपली उचलली आणि शेजारच्या दीदींना देऊन आली. मी म्हटलं, ‘अगं, तुला ठेव ना.’

‘तुम्ही फिकं खाऊन राहिले न मी बाजूला बसून ठेचा खाऊ?’ ती म्हणाली. ‘तुमची परीक्षा होईपर्यंत माझंही बंद. तुम्ही पास झाले का मग दोघं मिळून खाऊ.’ आणि देवापुढं जाऊन तिनं तसं सांगूनही टाकलं. त्या वेळी मला फार बरं वाटलं. असं कुणी आपल्यासाठी केलं की आपण मोठे आहोत असं वाटतं.

दीड महिना मी पथ्य पाळलं. खोटं कशाला सांगू, नीट पाळलं. तिनं वेळा बांधून दिल्या होत्या. पहाटे पुस्तक उघडण्याआधी दूध, साडेनऊला जेवण, दुपारसाठी पितळी डब्यात मऊ भात. दुधासाठी ती अधारतालकडच्या गवळ्याची वाट बघत दारात उभी राहायची. दूध फक्त मला. पथ्यातलं जे चांगलं ते माझ्या एकट्याच्या वाट्याला आणि जे सोडायचं ते दोघांच्या, असा तो हिशेब होता, आणि मला तो कधी खटकला नाही.

मग एका दुपारी साहेबानं सगळ्यांसमोर माझी नकल फेकून दिली. एक ओळ गळली होती. मी डबा घेऊन बाहेर आलो, पडवळाकडे पाहिलं आणि मला त्या पडवळाचा संताप आला. कचेरीच्या फाटकाशी मंगोडेवाला बसायचा. मुगाची डाळ जाडसर वाटून, हिंग घालून सरसोंच्या तेलात तळलेले मंगोडे, पळसाच्या पानांच्या दोन्यात, म्हणजे द्रोणात, वर हिरव्या मिरचीची चटणी. मी एक दोना घेतला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि साहेब, नकल, परीक्षा सगळं घटकाभर विसरलो. मूग तर आहेत, डॉक्टरांनी मूगच खायला सांगितलेत, असं मी स्वतःला समजावलं. वकिलीचा अभ्यास कुठंतरी कामी यायचाच.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, मग दोनदा. अभ्यास जितका वाढला तितकं ते वाढलं. आधी डबा संपवायचा, म्हणजे घरी रिकामा नेता येतो, आणि वर मंगोडे. तोंड धुऊन, वेलदोडा चघळून घरी जायचो. ती माझा काळा कोट खुंटीला लावायची आणि विचारायची, डबा खाल्ला ना? मी म्हणायचो, खाल्ला. ते खरंच होतं.

पोट अर्थातच बरं होईना. डॉक्टरांना कोडं पडलं. त्यांनी तिला खोदून खोदून विचारलं, तिनं सगळं सांगितलं, वेळांसकट. ते म्हणाले, इतकं पाळूनही जळजळ होते म्हणजे आणखी कडक करावं लागेल. आंबट बंद. चिंच नाही, ताक नाही, लिंबू नाही. मीठ नावापुरतं. ती घरी आली आणि चिंचेचा गोळा दीदींकडे गेला. मी मंगोडे खायचे आणि तिच्या ताटातून एकेक जिन्नस कमी व्हायचा. हे मला तेव्हा दिसत होतं. आज मी असं म्हणू शकत नाही की दिसत नव्हतं.

पहिल्या वर्षी मी नापास झालो. तिनं फक्त विचारलं, ‘मग आता पुढच्या साली?’ आणि ताटात तसाच पांढरा भात वाढला, मला आणि स्वतःला.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आम्ही आशा सोडली होती. आणि तिला डोहाळे लागले ते नेमके आंबटतिखटाचे. सांगायची नाही ती. पण दीदींच्या घरी मिरच्या भाजल्या की खिडकीशी जाऊन उभी राहायची. एकदा ती झोपेत काहीतरी चघळत होती, ते मी पाहिलं. दीदी लोणचं घेऊन आल्या तर तिनं हात जोडून परत पाठवलं. मग दीदींनी मलाच गाठलं. ‘भैया, पहला बच्चा है. इसका मन मारोगे तो ठीक नहीं होगा. तुम कहोगे तो खाएगी.’

तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारी मी मंगोडे खाल्ले होते. संध्याकाळी ती चिरायला दुधी घेऊन बसली होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, ‘खाऊन टाक ना थोडं लोणचं. नेमाचं काय एवढं? देव काही बघत बसला नाही.’

तिनं विळीवरून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

‘तुम्ही पाळून राहिले ना जी?’ तिनं विचारलं.

‘हो,’ मी म्हणालो.

‘मग मीही पाळते,’ असं म्हणून ती पुन्हा दुधी चिरायला लागली.

तेव्हाच सांगायचं होतं. किती वेळा मी ते वाक्य मनात जुळवलं आहे. ‘नाही गं, मी पाळत नाही, तू खा.’ सात-आठ शब्द. कचेरीत मी रोज पानंच्या पानं उतरवत होतो. पण आता गावभर माझ्या पथ्याचा बोलबाला झाला होता, आणि तो तिनंच केला होता, अभिमानानं, ज्याला त्याला सांगून. तिच्यासमोर हलकं व्हायची माझी तयारी नव्हती. परीक्षा झाली की सांगू, मूल झालं की हसत हसत सांगू, असं मी ठरवलं.

मुलगा झाला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, मूल फार अशक्त आहे, आईच्या अंगातही रक्त नाही. ही बाई खात काय होती?

मी सांगितलं, ‘माझ्याच ताटातलं.’

त्यांनी कपाळाला हात लावला. ‘तुमचं पथ्य तुमच्यासाठी होतं,’ ते म्हणाले. ‘तिला कुणी सांगितलं होतं?’

पाचवी पुजली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. दीदी ओट्यावर बसून रडल्या, आणि गल्लीतल्या बायका डोहाळ्यांबद्दल जे बोलायचं ते बोलल्या. मी शिकलेला माणूस. न पुरवलेल्या डोहाळ्यानं मूल जात नाही हे मला समजतं. पण त्या सहा दिवसांत ती त्याला घेऊन कशी बसायची ते मी पाहिलं आहे, आणि माझं शिक्षण तिथं काही कामाला आलं नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी परीक्षेचा निकाल लागला. मी पास झालो होतो. मी बाजारातून हिरव्या मिरच्या आणल्या, लसूण आणला, स्वतः पाटा धुऊन ठेचा वाटला. तो इतका ओबडधोबड झाला की दीदींनी पाहिला असता तर हसल्या असत्या. तिच्या ताटात वाढला. तिनं बोटाला लावून जिभेवर ठेवला आणि ताट बाजूला सारलं. ‘नको जी. आता जिभेला सहन नाही होत. सवय मोडली.’

ती सवय पुन्हा लागली नाही. वकिली चालली, आम्ही मोठ्या घरात गेलो, स्वयंपाकाला बाई आली. माझं पोट काही वर्षांनी आपोआप बरं झालं. नोकरीतली चिंता गेली तेव्हा दुखणंही गेलं, असं डॉक्टर म्हणायचे. पुढे मूल झालं नाही. मी वाटेल ते खायचो, आणि ती मुगाचं वरण आणि भात जेवायची. पंगतीत लोक म्हणायचे, नवऱ्यासाठी धरलेलं पथ्य बाईंनी अजून सोडलं नाही. आणि मग माझ्याकडे वळून माझीही स्तुती करायचे.

दुसरी लढाई चालू होती तेव्हा ती अंथरुणाला खिळली. छातीत पाणी झालं होतं. बंगाली डॉक्टर वारले होते, त्यांच्या जागी आलेले तरुण डॉक्टर एके दिवशी मला दारापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, आता पथ्य वगैरे राहू द्या, त्या जे मागतील ते द्या. याचा अर्थ कुणालाही कळतो.

ती काहीच मागेना. मी दोन दिवस विचारत राहिलो, ती मान हलवायची. तिसऱ्या दिवशी मी कोर्टातून निघालो आणि जुन्या कचेरीच्या फाटकाशी थांबलो. जुना मंगोडेवाला कधीच गेला होता, त्याच जागी आता दुसरा बसायचा. लढाईमुळे तेल मिळत नव्हतं म्हणून थोडेच तळायचा. मी एक दोना बांधून घेतला. इतक्या वर्षांत मंगोडे घरी नेण्याची ती पहिलीच वेळ. काय म्हणून नेले ते मला नीट सांगता येणार नाही. सांगून टाकावं असं वाटत होतं आणि तोंडानं सांगवत नव्हतं.

मी तिला उशीला टेकवून बसवलं आणि दोना उघडला. तिनं वास घेतला. पदर नाकाला लावला नाही. नुसता वास घेतला आणि डोळे मिटून घेतले.

‘हा तुमच्या काळ्या कोटाचा वास,’ ती म्हणाली.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘पहिल्याच दिवशी. घरात सरसोंचं तेल कुठं होतं जी? कोट मी लावत होती ना खुंटीला.’

मी तिचा हात धरला. तो फार हलका लागला. म्हटलं, ‘मग तू काहून पाळत राहिलीस? चिंच सोडलीस, मीठ सोडलंस. पोटात मूल असताना.’

ती दम खात म्हणाली, ‘तुमच्यानं होत नव्हतं. तुम्ही किती दमून राहिले होते ते मला दिसत होतं. मग घरातलं कोणीतरी पाळायला पाहिजे ना. मला वाटलं, माझं पाळलेलं तुम्हाला लागेल.’

तिनं एका मंगोड्याचा कोपरा तोडून तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटानं असेल. उरलेला तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, खा तुम्ही. मी तो परत दोन्यात ठेवला.

‘मला बोलायचं होतंस,’ मी म्हणालो. मी अजूनही तिच्याकडेच बोट दाखवत होतो. ‘एकदा तरी विचारायचं होतंस.’

तिनं डोळे उघडले. आवाजात राग नव्हता.

‘विचारलं होतं ना जी एक डाव,’ ती म्हणाली. ‘दुधी चिरून राहिली होती तेव्हा. तुम्ही हो म्हणाले.’