आपला माणूस शोधणारे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना न्यायला प्रत्यक्ष यमदूत आला, तरी ते आधी त्याला विचारतील, "मूळचे कुठले तुम्ही?" काका साताऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन चंदीगडला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले, पण कुठलंही काम 'आपल्या माणसा'कडूनच व्हायला हवं, आणि आपला म्हणजे मराठी, हा हट्ट काही सुटला नाही. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. खाली मार्केटात प्लंबर हजर असताना काकांनी मराठी मंडळात फोन फिरवून इंडस्ट्रियल एरियातल्या पंपाच्या कारखान्यातला कोल्हापूरचा इंजिनियर हुडकला. तो रविवारी आला, पोहे खाल्ले, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर भरभरून बोलला आणि गेला. "पण माणूस काय लाघवी!" नळाखालची भरलेली बादली बदलत काका म्हणाले.

नळाचं एक वेळ ठीक होतं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकांच्या छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली, ऐन थंडीत घाम फुटला. काकूंच्या हाकेने मी वर धावलो, तर काका ओवा चावत, एका हाताने छाती दाबून दुसऱ्या हाताने फोन लावत होते.

"काका, आधी हॉस्पिटलला चला!"

"जाऊ रे. पण तिथे आपलं कोणी नको?"

मंडळाने नंबर दिलेला डॉक्टर वर्ध्याचा निघाला. पण दातांचा, शिवाय रजेवर. "असू द्या. वर्ध्यात कुठे घर?" काका कण्हत विचारत होते. काकू रडत होत्या. मला भीती वाटत होती आणि काकांचा संतापही येत होता. तेवढ्यात समोरचे सरदारजी काकूंचा डबा परत करायला आले. "ओ अंकलजी, रिश्तेदारी बाद में, पहले दिल!" असं म्हणत त्यांनी एका बाजूने मला धरायला लावून काकांना खुर्चीसकट खाली नेलं आणि गाडीत घातलं.

काका वाचले. "थोडा पहले लाते," एवढंच हॉस्पिटलमधली तरुण डॉक्टर म्हणाली. हृदयाचा एक भाग कायमचा अशक्त झाला होता. जरा बरं वाटताच काकांनी तिला विचारलं, "बेटा, मूळ गाव कौनसा?"

"भटिंडा, अंकलजी."

"म्हणजे आपलीच," काका मला म्हणाले.

पूर्वी सकाळी तळ्याकाठी काका असे झपाझप चालत की सरदारजी आणि मी मागे धापा टाकायचो. आता थोडं चाललं की सरदारजी वाकून बुटाची लेस बांधतात. पुढे गेल्यावर मी बांधतो. तोवर काका हळूहळू येऊन गाठतात. परवा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते बराच वेळ दम खात उभे राहिले.

"हल्ली तुमच्या दोघांच्या लेस फार सुटतात रे," ते म्हणाले, आणि आमच्याकडे न बघता तळ्याकडे बघत राहिले.