ड्रॉवरमधलं जाड पेन

शिरोलीच्या ज्या फौंड्रीत मी कामाला आहे, तिथं सगळं कॉम्प्युटरवर असलं तरी गेटपास अजून हातानंच लिहितात. मध्ये कार्बन घालून तीन प्रती. तिसरी गुलाबी प्रत पुसट आली की गेटवाला ट्रक अडवतो आणि ड्रायव्हर माझ्या टेबलापाशी येऊन ओरडतो. त्यामुळं दाबून लिहायची सवय लागली आणि मागच्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ सुरू झाली. भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, "दाबणं कमी करा, जाड पेन वापरा."

पेन बदलून हाताची कळ थांबते यावर माझा विश्वास नव्हता. तरी सोमवारी, फौंड्रीच्या आठवड्याच्या सुट्टीला, शिवाजी पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदारानं आठ-दहा पेनं पुढं टाकली आणि एक कोरं पॅड सरकवलं.

"नाव लिवू नका. नाव कुठल्याबी पेनानं झ्याक येतंय. चार वळी लिवा."

पॅडचा कागद गुळगुळीत होता. त्याच्यावर खिळासुद्धा छान चालला असता. मी पर्समधून आमच्या गेटपासचं कोरं पान आणि कार्बन काढला.

"बाई, लई संशयी हाय की तुम्ही," तो हसला.

जेल पेनाची शाई त्या कागदावर फुटली. बारीक टोकाच्या पेनानं कागद टोकरला. शेवटी एक जाड बॉलपेन हातात बसलं. रबराची पकड, अंगठा टेकायला चपटी जागा, आणि फार न दाबताही तिसरी प्रत वाचता येत होती. तरी मी तीनदा लिहून बघितलं, खाली आणखी एक कागद घालून बघितलं. दुकानदारानं माझ्या मुठीकडं बोट केलं. "पेन चांगलं हाय. तुम्ही त्याचा गळा धरताय. सैल सोडा की."

पंधरा दिवसांत कळ निम्म्यावर आली. मग मात्र मला त्या पेनाची काळजी लागली. ऑफिसात टेबलावर ठेवलेलं पेन संध्याकाळपर्यंत आपलं राहत नाही. मी ते ड्रॉवरमध्ये डाव्या कोपऱ्यात ठेवायला लागले. ड्रॉवरला कुलूप नव्हतं.

एका बुधवारी डबा खाऊन आले तर पेन उजव्या कोपऱ्यात होतं. दुसऱ्या दिवशी टोपण घट्ट बसवलेलं. मी ते नेहमी अर्धवट लावते. मी रिफिलवर शाईच्या रेषेपाशी बारीक खूण केली. दुपारी बघितलं, शाई खुणेच्या खाली गेलेली.

आता डबा खाताना माझं मन त्या ड्रॉवरपाशी असायचं. आमच्या खोलीत तिघंच येतात. मॅनेजर, अकाउंटची मुलगी आणि वजनकाट्यावरचे चाचा. मुलगी माझ्याबरोबरच जेवते. मॅनेजरला माझं पेन कशाला लागेल? राहिले चाचा. साठीला आलेले, वीस वर्षं काट्यावर. ट्रक आला की वजनाची चिठ्ठी मशीनमधून निघते, ती काट्यावरच्या रजिस्टरात उतरवून माझ्याकडं आणून देतात. मी कामाला लागले तेव्हा गेटपास कसा भरायचा ते त्यांनीच शिकवलेलं. पण संशय एकदा आला की ही असली आठवण बाजूला पडते.

त्याच आठवड्यात गेटपासचं पुस्तक उघडलं. पुढच्या कोऱ्या पासाच्या गुलाबी पानापर्यंत सह्या उठल्या होत्या. एकाखाली एक, सतरा-अठरा. कुणीतरी वर कागद ठेवून लिहिलं होतं आणि मधल्या कार्बननं ते खाली उतरवलं होतं. आडनावाचं पहिलं अक्षर आणि मग लांब ओढलेली रेघ. आमच्या मॅनेजरची सही अशीच आहे.

सहीचा पास असला की ट्रक गेटबाहेर जातो. कुणीतरी मॅनेजरची सही घोटून घेतोय आणि माल बाहेर काढणार, आणि अक्षर माझं असल्यामुळं अडकणार मी. एवढं सगळं मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. चाचांना एका शब्दानं विचारलं नाही. पुस्तक उचललं आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

मॅनेजरनं चाचांना बोलावलं. पुस्तक पुढं ठेवलं.

"हे काय हाय, चाचा?"

चाचांनी पान बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "माझी सही हाय, साहेब."

"तुमची?"

"व्हय. माझीच." मॅनेजरच्या आणि त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर एकच आहे, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

"मग इतक्या वेळा कशाला?"

चाचांनी पुस्तक मिटलं. मॅनेजरनं कोरा कागद आणि स्वतःचं बारीक पेन त्यांच्या पुढं केलं. "करा बघू."

चाचांनी सही केली. अक्षर थरथरत गेलं, रेघ करवतीसारखी दातेरी आली. मग त्यांनी माझ्याकडं हात केला. मी पेन दिलं. त्या जाड पेनानं केलेली सही पुष्कळ सरळ आली.

"हात कापतोय, साहेब. चार महिनं झालं. बँकेनं दोनदा फॉर्म परत दिलाय, सही जुळत न्हाई म्हणून. ताईंचं पेन जाड हाय, त्यानं जरा थांबतोय. जेवायच्या सुट्टीत घोटत हुतो." मग खालच्या आवाजात म्हणाले, "कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कापऱ्या हाताचा माणूस काट्यावर कोण ठेवतंय?"

मॅनेजर एवढंच म्हणाले, "बघू." ती दोन अक्षरं चाचांपेक्षा मलाच जास्त लागली.

पुढं आठ दिवस चाचा चिठ्ठी टेबलावर ठेवून न बोलता जायचे. मी तसलंच दुसरं पेन आणून काट्यावर ठेवलं. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर परत आलेलं होतं. मग मी माझ्या बँकेत चौकशी केली. सही बदलली असेल तर ओळखपत्र दाखवून नवी सही देता येते, असं तिथं सांगितलं. ते सांगायला मी काट्यावर गेले.

"चाचा, जुनी सही घोटायची गरजच न्हाई. आता जशी येतीय तशीच नवी द्यायची."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "आणि ही कापरी सही बँकेत दिली, हे बी साहेबांना सांगणार?"

"न्हाई सांगणार," एवढं मी म्हणाले आणि परत आले.

त्यांनी आणखी दोन आठवडे घेतले. मग एका रविवारी येऊन म्हणाले, "दिली नवी सही. घेतली त्यांनी." आणि जरा थांबून, "ते पेनाचं दुकान कुठं हाय?"

सोमवारी आम्ही दोघं पेठेत गेलो. मी माझ्यासारखंच जाड पेन पुढं केलं, त्यांनी ते बाजूला सारलं. एकेक पेन तळहातावर तोलत शेवटी त्यांनी स्टीलचं, चांगलं वजनदार पेन निवडलं. "हलकं पेन हातासंगं कापतंय. हे हाताला दाबून धरतंय." दुकानदारानं मान डोलावली.

मॅनेजरनं त्यांना काट्यावरच ठेवलं. रजिस्टर मात्र आता दुसरं कुणी लिहितं. चाचा माझ्याशी पहिल्यासारखं बोलतात, पोरीच्या लग्नाचं, गुडघ्याचं. पण मी खोलीत नसताना ते आत येत नाहीत, आणि माझ्या टेबलापाशी आले की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहतात.