उस्मान होडेकरांचा खटका

रियाधच्या अल सुलै भागात गोदामांच्या मागे लेथवाल्यांची एक गल्ली आहे. तिथे उस्मानभाई होडेकर सव्वीस वर्षं दात पाडत होते. गिअरचे दात. माणसाशी बोलताना त्यांनी साधा आवाजही कधी चढवला नव्हता. हर्णैचा हा माणूस इतका मवाळ, की कुर्बानीच्या दिवशी काहीतरी काम काढून खाटकाकडे पाठ करून उभा राही. अशा माणसाच्या हातून खटक्याचे चाकू घडावेत हा एक विनोदच. आणि त्या चाकूंनी कधी कुणाचं काही कापलं नाही, हा त्याहून मोठा.

चाकूंचा नाद अबू नासिर यांचा. हे कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले साहेब, आणि दुकानाच्या मालकाचे, म्हणजे उस्मानभाईंच्या कफीलचे, थोरले मेहुणे. कफील म्हणजे ज्याच्या नावावर परदेशी माणसाचा परवाना असतो आणि ज्याच्या शिक्क्याशिवाय त्याला देश सोडता येत नाही तो. त्यांच्या बैठकीत भिंतभर काचेचं कपाट होतं आणि त्यात मखमलीवर त्रेचाळीस चाकू झोपलेले होते. बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर पडावं असे, सगळे हाताने घडवलेले. इटलीतल्या एका कारागिराकडे नंबर लावून ते दोन वर्षं थांबले होते, अमेरिकेतल्या एकाकडे तीन. मुठीला कुठलं शिंग, पात्याला किती बाक, यावर महिनोन्‌महिने पत्रं चालत. आलेला चाकू ते डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघत. कानाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि बटण दाबायचं. पाहुण्यांना सफरचंद मात्र नोकर प्लास्टिकच्या सुरीने चिरून देई.

एकदा त्या इटालियन चाकूची कमान तुटली आणि तो मेहुण्याच्या दुकानात आला. उस्मानभाईंनी जुन्या घड्याळातल्या स्प्रिंगची नवी कमान करून बसवली. आवाज आधीपेक्षा बरा आला. अबू नासिरांनी तो तीसेक वेळा ऐकला आणि उभ्या उभ्या ऑर्डर दिली. एक चाकू इथेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत याच हातचा. पातं ट्रकच्या बेअरिंगच्या पोलादाचं, मूठ मेंढ्याच्या शिंगाची. अट एकच. असा चाकू उघडताना दोन आवाज होतात, पातं सुटल्याचा आणि ते खाचेत जाऊन अडकल्याचा. खट, आणि मग टक. हे दोन मिळून एकच ऐकू यायला हवेत. खट्ट.

पातं घासून झालं, मूठ बसली, आणि त्याच सुमारास सौदीकरणाचा जोर वाढला. सरकारने दुकानांना रंग वाटले होते. देशी माणसं पुरेशी असतील तर हिरवा, कमी पडली तर पिवळा, आणि मग लाल. उस्मानभाईंचं दुकान पिवळ्यात निघालं. कफीलने दोन भाचे कामगार म्हणून कागदावर चढवले. ते दुकानात कधी फिरकले नाहीत, त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. तरी हिशेब जमेना, एक परदेशी कमी व्हायला हवा होता. सगळ्यांत जुने म्हणून उस्मानभाईंचं नाव निघालं. नोव्हेंबरात कफीलने त्यांच्या पाठीवर हात ठेवून प्रेमाने सांगितलं, की पंधरा दिवसांत खुरूजचा, म्हणजे कायमचं घरी जायचा, शिक्का मारून देतो.

रियाधच्या घरी मुलगी अदिबा तिथल्याच भारतीय शाळेत बारावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. बापाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला की आई आणि मुलगी दोघींचाही जाणार, आणि मुलीचं वर्ष पाण्यात. दुसरा कुणी असता तर हातापाया पडला असता. उस्मानभाईंना मागताच येत नसे. ते फक्त अर्धवट चाकू परत द्यायला अबू नासिरांकडे गेले आणि निघतो म्हणाले.

अबू नासिरांनी तिथूनच मेहुण्याला फोन लावला. बोलणं चार शब्दांचं झालं.

"आधी चाकू. मग माणूस."

घरी येऊन उस्मानभाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बायकोला, कुबराला, त्यातलं मर्म लगेच कळलं. ती म्हणाली, "म्हणजे परीक्षा संपेपर्यंत चाकू होता कामा नये."

काम सोपं होतं आणि म्हणूनच अवघड. खाचेत केसभर फट ठेवली की झालं. पातं किंचित उशिरा अडकतं, खट आणि टक वेगळे ऐकू येतात. ही फट ठेवताना उस्मानभाईंना आपल्याच दुकानात चोरी करतोय असं वाटे. डिसेंबरात त्यांनी चाकू नेला. अबू नासिरांनी डोळे मिटून ऐकला, मान हलवली आणि परत दिला. त्या दिवशी कुबराने गोडाचा सांजा केला. नापास झाल्याबद्दल गोड खाणारं गल्लीतलं ते पहिलंच घर असावं. अदिबा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "अब्बा, आप फेल होते रहो, मैं पास हो जाऊंगी."

जानेवारीतही तेच झालं, फक्त सांजा कमी गेला. कफील अधूनमधून दारातून विचारी, झालं का, आणि उस्मानभाई खाली बघून नाही म्हणत. ते खाली बघणं त्यांचं नेहमीचंच असल्याने खोटं कुणाला दिसलं नाही.

फेब्रुवारीत मात्र घोटाळा झाला. अबू नासिरांनी चाकू ऐकला आणि परत दिलाच नाही. उस्मानभाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "असू दे, मिस्कीन. वय झालं, हात गेला तुझा. मी घेतो तसाच." आणि त्यांनी तो कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, विमानतळावर घेतलेल्या एका खेळण्यातल्या चाकूशेजारी ठेवला.

मिस्कीन हा शब्द हर्णैलाही आहे. मशिदीबाहेर हात पसरून बसलेल्याला म्हणतात.

परीक्षेला तीन आठवडे होते. त्या क्षणी आपल्याला अदिबाच आठवली, असं उस्मानभाईंनी पुढे कुबराला शपथेवर सांगितलं. खरं म्हणजे त्यांना दिसत होती फक्त ती खालची फळी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"हा माझा चाकू नाही. परत द्या."

अबू नासिरांनी मुकाट्याने दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्मानभाईंनी फट काढली. तीन महिने जपलेला दोष जायला अर्धा तासही लागला नाही. मग त्यांनी चाकू कानाशी धरला आणि बटण दाबलं. खट्ट. एकच. पुन्हा दाबलं. एकच.

घरी कुबराने चेहऱ्यावरूनच ओळखलं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघांत खटका उडाला, पण तिथेही आवाज एकच होता, कुबराचा. "स्वतःच्या कानासाठी पोरीचं वर्ष घातलंत," ती म्हणाली. उस्मानभाईंनी चाकू जेवणाच्या डब्यात चपात्यांखाली लपवायचं कबूल केलं. परीक्षा संपेपर्यंत बाहेर काढणार नाही, असंही म्हणाले.

दोन दिवस काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना चपात्या संपल्या आणि तो समोर आला. फक्त एकदा, म्हणून त्यांनी बटण दाबलं. कफील दारात उभा होता. मेहुण्याच्या बैठकीत बसून बसून त्याचेही कान तयार झाले होते.

"खलास," तो आनंदाने म्हणाला. "चल, यल्ला."

संध्याकाळी तिघे बैठकीत बसले. कफीलच्या खिशात खुरूजचे कागद होते. उस्मानभाई गालिच्यावरच्या एका वेलीकडे बघत होते आणि मनात बोर्डाच्या तारखा मोजत होते. अबू नासिरांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. मग पुन्हा. वीस वेळा तरी दाबलं असेल. मग उठून त्यांनी वरच्या फळीवरचा इटालियन बाजूला सरकवला आणि तिथे हा ठेवला. कफीलने कागद काढले.

अबू नासिर कपाटाकडे बघत म्हणाले, "याची जोडी कुठाय?"

कुणालाच कळलं नाही.

"एकटा बरा दिसत नाही. दुसरा हवा. डाव्या हाताचा, काळ्या शिंगाचा."

कफीलने पिवळ्या रंगाची आठवण करून दिली. अबू नासिर वळलेसुद्धा नाहीत. "तुला अजून एखादा भाचा असेल की."

होता. तो कागदावर चढला, दुकान हिरवं झालं, आणि आपण जे तीन महिने वाईट काम करून वाचवत होतो ते चांगल्या कामाने एका संध्याकाळीत वाचलं, हे उस्मानभाईंना घरी पोचेपर्यंत खरं वाटेना. कुबरालाही वाटलं नाही. तिने सांजा परीक्षा संपल्यावरच केला.

अदिबा अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी पास झाली. जूनमध्ये मायलेकी कोकणात परतल्या, दापोलीला कॉलेज सुरू झालं. ठरल्याप्रमाणे उस्मानभाईही मागोमाग जाणार होते. कफीलने शिक्का मेहुण्याच्या होकारावर सोडला, म्हणून ते अर्ज घेऊन अबू नासिरांकडे गेले. डावा चाकू नुकताच पसंत झाला होता. अबू नासिरांनी अर्ज प्रेमाने घडी करून परत दिला. त्यांच्या मनात तिसरा होता, दोन पात्यांचा.

"आधी चाकू," ते म्हणाले. "मग माणूस."

याला आता पाच वर्षं झाली. वरच्या फळीवर होडेकरांचे नऊ चाकू आहेत, इटालियन खाली गेलाय. अबू नासिर पाहुण्यांना हे दाखवतात तेव्हा उस्मानभाईंना मिस्कीन म्हणत नाहीत, उस्ताद म्हणतात. नऊही चाकू कोरे आहेत. सफरचंद अजून प्लास्टिकनेच चिरतात.

शुक्रवारी कुबराचा फोन येतो. अदिबाचं लग्न ठरतंय, माणसं बघायला यायची आहेत, बाप घरात हवा. परवा ती म्हणाली, "बिघडवा की एखादा. हात गेला म्हणतील आणि सोडतील. पहिल्यांदा जमलं होतं तुम्हाला."

उस्मानभाईंनी खोटं सांगितलं नाही. दहाव्या चाकूच्या खाचेत त्यांनी खरंच केसभर फट ठेवून पाहिली होती, दोनदा. दोन्ही वेळा दुपारच्या चहाआधीच ती काढून टाकली.

"आता नाही जमत," ते म्हणाले.