सतराला काही नाही

कुठलाही आकडा समोर आला की अक्का त्याला रिकाम्या हाताने जाऊ द्यायची नाही. जिना चढताना, शेंगा सोलताना तिचं चालूच. "पाच म्हणजे पांडव, सहा म्हणजे मुंगीचे पाय, सात म्हणजे सप्तर्षी, आठ म्हणजे कोळ्याचे पाय." अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. बेंगळुरूला चिकपेटेत खाली आमचं कापडाचं दुकान आणि वरच्या माडीवर आम्ही.

लहानपणी तिला देवी आल्या होत्या. व्रण चेहऱ्यावर राहिले ते राहिलेच. मुलगे बघायला यायचे, उप्पीट-केसरीभात खायचे, "कळवतो" म्हणायचे आणि कळवायचं कुणीच नाही. अक्का मग भांडी विसळता विसळता त्यांनाही आकड्यांत बसवायची. सहावा म्हणे केसरीभाताभोवती मुंगीसारखा घुटमळला. आठव्याच्या आईने प्रश्नांचं जाळं विणलं. "आणि दहाव्याला रावणाची दहाही तोंडं होती गं! प्रत्येक तोंडाने हुंडा मागितला." मी लोळून हसायची. ती स्वतः हसते, म्हणजे तिला काही वाटत नाही, असं माझं नऊ वर्षांचं ठाम मत होतं. मतं सगळी आली होती, अक्कल तेवढी यायची होती.

सोळावा धारवाडचा शाळामास्तर. धारवाड नुकतंच म्हैसूर राज्यात आलं होतं. "म्हणजे पोरगी परराज्यात जायची नाही," एवढ्यावरच अण्णा, म्हणजे आमचे वडील, खूश. व्रणांचं कळूनही मास्तरांनी पत्राने "माझी हरकत नाही" असं कळवलं होतं. ते पत्र अक्काने पोळपाटाखाली ठेवलं आणि दिवसभरात चारदा काढून वाचलं.

"सोळाला काय गं?" मी विचारलं.

"चंद्राच्या कला," ती हळूच म्हणाली. "सोळावी आली की पूर्ण होतो." या वेळी विनोद नव्हता. मला जरा निराशाच वाटली.

मास्तर आले. त्यांनी स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, काही विचारलं नाही. "तुम्हाला आवड कशाची?" म्हणाले.

"आकड्यांची."

"असं? चौदा?"

"समुद्रातून निघालेली रत्नं."

"अठरा?"

"पुराणं."

मास्तर खुशीत आले. "बरं, सोळा?"

अक्काने मान खाली घातली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. मला वाटलं, विसरली! घराण्याची अब्रू आता माझ्याच हातात. मी पुढे होऊन खणखणीत सांगितलं, "मला येतंय! सोळा म्हणजे तुम्हीच! याआधी पंधरा येऊन गेले ना!"

मास्तरांच्या आईने तोंडाशी नेलेला चमचा परत बशीत ठेवला. "अहो, तुम्ही तर म्हणालात, आमच्याआधी एकच स्थळ येऊन गेलं."

अण्णा धोतराचा सोगा सारखा करत राहिले. मास्तर आईकडे बघत राहिले. ती उठली, तेही उठले. "कळवतो" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत.

आमच्या आईने मला धपाटा घातला, तेव्हा अक्काच मध्ये पडली. "मारू नको तिला. उत्तर बरोबर होतं."

एवढं होऊनही बशा पुसताना मी विचारलंच, "अक्का, सतराला काय?"

"सतराला काही नाही. बशी पूस."

आणि खरंच काही नव्हतं. पंधराची गोष्ट पेठेत घरोघर पोचली. सतरावा आलाच नाही. पुढे मला बघायला आला तो पहिलाच, आणि त्याने होकार दिला. लग्नाच्या दिवशी अक्का माझी वेणी घालत होती. "एकाला काय गं?" मी लाडात विचारलं. इतकी मी शहाणी झाले होते!

"एकाला काही लागत नाही," म्हणाली आणि गजरा माळला.

अक्का त्याच माडीवर लोकांची पोलकी शिवत म्हातारी झाली. आमच्या जिन्याला एकवीस पायऱ्या. चढताना ती मोजायची, पण सोळा झाल्या की पुन्हा एकपासून. मी कधी टोकलं नाही. शेवटी चौघांनी तिला खाली आणलं तेव्हा पायऱ्या कुणीच मोजल्या नाहीत.

परवा ही गोष्ट ऐकून माझा नातू फोनमध्ये बघून म्हणाला, "आजी, सतराला आहे की! अमेरिकेत एक किडा असतो. सतरा वर्षं जमिनीखाली राहतो, मग वर येऊन गातो, जोडीदार शोधतो."

"सापडतो?"

त्याने पुन्हा फोनमध्ये पाहिलं. "सगळ्यांना नाही."

"सरी, बरं," मी म्हटलं. "मग हे तिला सांगण्यासारखं नाही."