राणीचे दात

माझे दात लहानपणापासून हळवे. विहिरीचं गार पाणी लागलं की कळ थेट कानशिलात जायची. म्हणून सोळाव्या वर्षी मी गुडाखू धरला. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा बोटाने दातांवर चोळला की हिरड्या बधिर होतात. कळ थांबली, पण दोन वर्षांत दात छपरावरच्या कवेलूच्या रंगाचे झाले. कोणाचं काय जात होतं म्हणा! बांधीतल्या धानाला काही दात दाखवायचे नसतात. पण मी आमच्या गावच्या दंडारीत राणी होतो.

दंडार म्हणजे आमच्या अर्जुनीकडचं गाण्यानाचाचं नाटक. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भर दुपारी दंडार उभी राहते. बाया त्यात नसतच, लुगडं आम्हीच नेसायचो. त्या वर्षी पहिलं गाणं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि पुढूनच कोणीतरी ओरडलं, "राणीनं शेण खाल्लं का बे?" सगळी मंडई हसली. गाणं मी पुरं केलं. पुढे इंग्रज गेले, स्वराज्य आलं, पण त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढच्या वर्षी मंडईला बारा दिवस उरले असताना दंडार बसवणाऱ्या शाहीरांनी मला बोलावलं. "गळा तुह्यासारखा कोनाचा नाही," ते म्हणाले, "पन दात असेच रायले तर यंदा राणीचं लुगडं दासीले देईन." दासी म्हणजे दासीचं काम करणारा माझ्याच वयाचा गडी. त्याला माझी सगळी गाणी पाठ होती, आणि दात कसे, कांडलेल्या तांदळासारखे पांढरेशुभ्र.

राणी गेली तर माझ्याकडे उरत काय होतं? चार भावांतला मी धाकटा. वर्षभर घरात मला कोणी विचारत नव्हतं. मंडईच्या दिवसांत तेवढे लोक "राणी आली रे" म्हणून वाट सोडायचे. ते गेलं असतं तर मी मेलोच असतो, असं तेव्हा वाटायचं.

त्याच दिवशी गुडाखू फेकला. फुटकं कवेलू कुटलं, त्यात चिंचेचा कोळ कालवला आणि बाभळीच्या काडीने सकाळ-संध्याकाळ दात घासायला लागलो. सहाव्या दिवशी दात पांढरे दिसायला लागले. आठव्या दिवशी रांजणातलं पाणी तोंडात घेतलं आणि किंचाळलोच.

"काऊन ओरडून रायला बे?" आत्या धावत आली. ही माझी विधवा आत्या, आमच्याच घरी राहायची, गावातली बाळंतपणं करायची. तिने माझा जबडा धरला, तोंड उजेडात वळवलं आणि वाटीतला चुरा हुंगला.

"चिच खाल्ली का दात आंबते, हे लेकराले बी समजते. अन् त्या आंबल्या दातावर तू कवेलू घासून रायला? दाताची साल काढली रे तू, मुडद्या!"

मग तिने फर्मान सोडलं. ठणका जाईपर्यंत काडी नाही, चुरा नाही, आंबट नाही. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा, रात्री हिरड्यांना तिळाचं तेल. ठणका गेला की कपड्यातून तीनदा गाळलेली राख, तीही बोटाच्या पेराने, एक दिवसाआड, हलक्या हाताने.

"पांढरे कधी होतील?"

"महिने लागतील."

"आत्या, मंडई चार दिवसांवर आली."

"मंग मंडई पाह्य, नाही तं दात पाह्य," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी मंडई पाहिली. गोठ्यामागे लपून आणखी दोन दिवस घासलं.

दंडार तलावाच्या पाळीजवळ होती आणि पाण्यावरून गार वारा सुटला होता. गालात लवंग धरून मी पुढे गेलो, हसलो. या वेळी कोणी ओरडलं नाही. ढोलकीने गाण्याचं तोंड धरलं आणि मी पहिली ओळ उचलली, लांबलचक 'आ'ची. वारा दातांवर आला. आई गं! डोळ्यांपुढे काळं झालं.

दुसरी ओळ दातांवर ओठ ओढून म्हटली. मागून आरोळी आली, "आवाज! राणी, आवाज!" तिसऱ्या ओळीला तोंड उघडलं, ते पदराने तसंच दाबून धरलं. ढोलकीवाला गाण्याचं तेच तोंड पुन्हा वाजवत माझ्याकडे बघत होता. एकदा वाजवलं, दोनदा वाजवलं. शाहीर मान हलवून 'म्हण, म्हण' सांगत होते. तिसऱ्यांदा वाजवलं. माझं तोंड काही उघडेना.

तेवढ्यात शेजारून ओळ उठली. दासीने उचलली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ पुढे बघून गाणं शेवटपर्यंत नेलं. चांगलं म्हणाला. हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली. मी राणीच्या लुगड्यात नुसते हातवारे करत उभा होतो.

दंडार सुटल्यावर शाहीरांनी नुसता खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी आत्याचं ऐकलं. दोन महिने तर भातही कोमट करून खाल्ला. मग ती गाळलेली राख, बोटाचं पेर, एक दिवसाआड. आत्या दर आठवड्याला जबडा धरून बघायची आणि "घाई करू नोको" म्हणायची. पुढल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास एका सकाळी विहिरीचं ताजं पाणी गटागटा प्यालो. काही झालं नाही. पुन्हा प्यालो. अंगणात एकटाच वेड्यासारखा हसत सुटलो.

तसाच शाहीरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर दंडारीचे कपडे उन्हात टाकत होते. मी तोंड उघडून दाखवलं. त्यांनी मला उजेडाला धरून नीट पाहिलं, अगदी दाढेपर्यंत.

"मस्त झाले बापा," ते म्हणाले. "एकदम मस्त."

मग त्यांनी राणीची चोळी उचलली, नवी, लाल. "पन हे आता दासीच्या मापाची शिवली रे," ते खाली बघत म्हणाले. "तुह्या अंगात नाही जायची."

तरी मी ती त्यांच्या हातून घेतली आणि बाहीत हात घातला. कोपराच्या वर ती चढली नाही.